पोट मी शिवलं होतं

ज्यांच्या हाताखाली मी खऱ्या अर्थानं सर्जन झालो, त्यांना पहिले सहा महिने मी मनातल्या मनात हसत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ त्या हसण्यात आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी औरंगाबादेहून एम.एस. होऊन आलो. आमचं घर मराठवाड्यातल्या वाशीकडचं, जमीन बरी, भावकी मोठी. त्या पट्ट्यात मी पहिलाच शिकलेला सर्जन. कळंबच्या अलीकडं माळावर एका सहकारी साखर कारखान्यानं तीस खाटांचा दवाखाना बांधला होता. त्या कारखान्याचं नाव घेत नाही, आता तो उरलेलाही नाही. चेअरमन माझ्या आईच्या माहेरच्या नात्यातले. त्यांनीच निरोप धाडला, 'आपलं पोरगं आपल्या दवाखान्यात पाहिजे.' त्या वर्षी ऊस नव्हता, कारखान्याची चिमणी थंड होती, पण दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडताना डोळ्यात कपची गेलेले, पाझर तलावाच्या खोदाईत दरड अंगावर आलेले, तळाचं पाणी पिऊन नारू झालेले, रेशनवरची मिलो ज्वारी खाऊन पोट बिघडलेले, सगळे तिथंच यायचे.

दवाखान्यात आधीपासून एक सर्जन होते. लोक त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचे. मी आल्यावर मी धाकटा डॉक्टर झालो. मोठे डॉक्टर तेव्हा साठीच्या जवळ होते. निजामाच्या राज्यात हैदराबादेत शिकलेले, जवळ एम.एस.ची पदवी नाही. सरकारी दवाखान्यांत गावोगाव फिरून नोकरी केलेली. सडपातळ, उंच, पांढरा पायजमा आणि वर बंद गळ्याचा कोट. बोलण्यात फिकर, तबियत, जिम्मेदारी असे शब्द. स्वतःबद्दल बोलताना ते नेहमी 'आम्ही' म्हणायचे. त्यात मोठेपणा नव्हता, त्यांच्या काळच्या हैदराबादी बोलण्याची ती रीत होती. आमच्याकडं खेड्यातही माणसं स्वतःला 'आमी' म्हणतातच.

त्यांच्या पिढीचा सर्जन म्हणजे काय असतो ते मी तिथं पाहिलं. त्यांच्या एकाच टेबलावर सकाळी मूतखडा निघायचा, दुपारी बाळंतीण अडलेली असायची, मग बैलानं शिंग घातलेला कुणी, मग झाडावरून पडून डोकं फुटलेला. हाडं ते बसवायचे, दात ते काढायचे. भूल द्यायला माणूस नसला तर तोंडावर जाळी ठेवून ईथरचे थेंब कसे आणि किती टाकायचे हे त्यांनी वॉर्डबॉयला शिकवलं होतं. सुऱ्यांना धार ते स्वतः लावायचे. आणि ऑपरेशनच्या आधी व्हरांड्यात उकिडवे बसून, खडूनं फरशीवर आतड्याचं नाहीतर पित्ताशयाचं चित्र काढून नातेवाइकांना समजावून सांगायचे, 'हे बघा, पाणी हितं अडलंय. आम्ही हितनं कापणार अन् हितं जोडणार.' शेतकरी माणसं त्या चित्राभोवती बसून प्रश्न विचारायची. कुणी म्हणायचं, 'म्हंजी पाटाला बारं पाडून पाणी वळवायचं तसंच की.' डॉक्टर म्हणायचे, 'तसंच.'

मला ते सगळं जुनाट वाटायचं. मी नवी पुस्तकं वाचून आलो होतो. त्यांचे टाके मला ओबडधोबड वाटायचे, त्यांचा हात एरवी थोडा थरथरायचा ते मी टिपून ठेवलं होतं. सुरी हातात आली की ती थरथर थांबते हेही मला दिसत होतं, पण ते मी कुणाला सांगायचो नाही. चेअरमनच्या घरी जेवायला गेलो की मी मोठ्या डॉक्टरांची नक्कल करायचो. सगळे हसायचे.

थेटरमध्ये एक सिस्टर होत्या. माझ्याच वयाच्या, कदाचित वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. वस्तीतून नर्सिंग शिकलेल्या त्या पहिल्याच. बोलायला कमी, कामाला कडक. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला आणि आतडी बाजूला धरायला जाड कापडी घड्या वापरतात, त्यांना आम्ही मॉप म्हणायचो. त्या मोजून द्यायच्या आणि पोट शिवायच्या आधी मोजून घ्यायच्या, हे काम सिस्टरचं. आमच्याकडं त्यासाठी वही नव्हती. भिंतीवर एक पाटी होती, तिच्यावर खडूच्या रेघा मारायच्या. ऑपरेशन संपलं की पाटी पुसली जायची.

तो दिवस उन्हाळ्यातला. दुपारी एकच्या सुमाराला दुष्काळी कामावरून एका बाईला बैलगाडीत घालून आणलं. पंचविशीची असेल. डोक्यावर खडीची पाटी असतानाच ती खाली बसली होती. ओठ पांढरे पडलेले, पोट ताठ. मोठ्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला, पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, 'नळीत गर्भ होता. नळी फुटली. पोट रक्तानं भरलंय.'

रक्त द्यायचं तर ते सोलापूरहून आणावं लागायचं. तेवढा वेळ नव्हता. त्यांनी तिचं पोट उघडलं आणि पुढं जे केलं ते मी पुस्तकात फक्त वाचलं होतं. उकळून घेतलेल्या ओगराळ्यानं त्यांनी पोटातलं रक्त काढलं, गॉजच्या आठ पदरांतून गाळून, गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत भरलं आणि तेच रक्त तिच्या शिरेत परत सोडलं. फुटलेली नळी मधल्या काळात त्यांनी चिमट्यात धरून बांधलीही होती. मी फक्त बाजू धरून उभा होतो. अर्ध्या तासात तिची नाडी बोटाला लागायला लागली. तिच्या ओठांवर रंग आला तो मी पाहिला.

मग मोठे डॉक्टर टेबलापासून मागं सरकले. कपाळावर घाम होता, चेहरा उतरला होता. त्यांना साखरेचा आजार होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते म्हणाले, 'धोका टळला. आतून एकदा सगळं बघून घे आणि पोट बंद कर. आम्ही जरा बसतो.' शेजारच्या खोलीत जाऊन ते गूळ खात बसले. पुढचं काम माझं होतं.

मी आतून बघितलं. नीट बघितलं का? आज सांगायचं तर नाही. मला घाई नव्हती, पण मला वाटत होतं की खरं काम होऊन गेलं, आता राहिलं ते शिवणकाम. मी पहिला टाका घेतला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, 'डॉक्टर, एक कमी भरतोय.'

'परत मोजा,' मी म्हणालो.

त्यांनी परत मोजले. बादलीतले बाहेर काढून एकेक उलगडून मोजले. 'सोळा दिले होते. पंधराच आहेत.'

'त्यातला एक फाटका होता, तो मी फेकला.'

'फाटकाही मोजलाय, डॉक्टर. पोटात बघा एकदा.'

त्या बघा म्हणाल्या याचाच मला राग आला. मोठ्या डॉक्टरांना त्या असं म्हणाल्या असत्या तर त्यांनी टाका काढून परत हात घातला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि आणखी एक सांगायला हवं. त्यांच्या जागी आमच्या भावकीतली, आमच्या ओळखीच्या घरातली कुणी सिस्टर असती, तर मी कदाचित ऐकलं असतं. मी म्हणालो, 'पोट मी बघितलंय. मोकळं आहे. तुमच्या मोजण्यात चूक आहे.' आणि पुढचा टाका घातला.  सिस्टर पाटीजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग सुया उचलायला लागल्या. संध्याकाळी पाटी पुसली गेली.

बाई बारा दिवसांत घरी गेली. गाडीत बसताना तिच्या नवऱ्यानं मोठ्या डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

पावसाळ्याच्या तोंडाला ती परत आली. अंगात ताप मुरलेला, पोटात डाव्या अंगाला गोळा, जुन्या व्रणातून पू येत होता. मोठ्या डॉक्टरांनी गोळा चाचपला आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. मला मात्र त्या क्षणी पाटीवरच्या रेघा दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोट उघडलं. मी समोर उभा होतो. आतड्यांच्या वेटोळ्यात तो मॉप अडकला होता, आतड्यानं त्याला धरून ठेवलं होतं. हातभर आतडं कापून जोडावं लागलं. मोठ्या डॉक्टरांनी तो कपडा ट्रेमध्ये ठेवला. सिस्टर ट्रेकडं बघत होत्या. मी खाली बघत होतो. त्या खोलीत आम्ही तिघंच असे होतो ज्यांना त्या कपड्याचा अर्थ कळत होता, आणि मोठ्या डॉक्टरांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही.

त्या काळी अशी गोष्ट झाकून टाकणं सोपं होतं. 'गाठ होती, काढली' म्हटलं की कुणी पुढं विचारत नसे. मोठे डॉक्टर हात धुऊन व्हरांड्यात गेले आणि नवऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, 'पहिल्या ऑपरेशनच्या वेळी पोटात कापड राहिलं होतं. आमच्या हातून राहिलं. त्याच्यानंच हे दुखणं झालं. आता काढलंय. बाई वाचेल, पण वर्षभर जड काम करू देऊ नका.'

'आमच्या हातून' याचा अर्थ आम्हा सगळ्यांच्या हातून असा होऊ शकत होता. पण सगळ्या मुलखाला माहीत होतं की हे डॉक्टर स्वतःला 'आम्ही' म्हणतात. नवऱ्यानं ऐकलं ते 'माझ्या हातून' असंच ऐकलं. मी दारात उभा होतो. मीही पुढं झालो नाही.

नवऱ्याचा चुलता गावच्या सोसायटीत होता. आठ दिवसांत तक्रार चेअरमनकडं गेली, आणि संचालकांनी बैठक बोलावली. कारखान्याच्या गेस्टहाउसमध्ये दुपारी बसले होते सगळे. मोठे डॉक्टर दाराजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर. बैठकीच्या आधी चेअरमननी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, 'तू काही घाबरू नको. म्हातारा थकलाय हे आम्हाला दिसतंय. तुला विचारतील तेवढंच बोल.'

विचारायला सुरुवात झाली.

'ऑपरेशन कुणी केलं?'

'मोठ्या डॉक्टरांनी,' मी म्हणालो.

'तुमचं काम काय होतं?'

'मदत करत होतो.'

एवढ्यावर भागलं असतं. पण संचालकांत एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांनी चष्मा काढून सरळ विचारलं, 'डॉक्टर, पोट शिवून होईपर्यंत मोठे डॉक्टर टेबलापाशीच होते का?'

मी म्हणालो, 'होय.'

मी त्यांच्याकडं बघितलं नाही, पण ते डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होते. ते हलले नाहीत. मास्तरांनी चष्मा परत घातला.

मग सिस्टरना बोलावलं. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही. त्या उभ्या राहून म्हणाल्या, 'एक कमी भरला होता. मी दोनदा मोजून सांगितलं होतं.'

'कुणाला सांगितलं?'

'धाकट्या डॉक्टरांना. तेच शिवत होते.'

 चेअरमन माझ्याकडं वळले, 'काय रे?'

'मला तसं काही आठवत नाही,' मी म्हणालो.

एक संचालक म्हणाले, 'बाई, मोजायचं काम तुमचं. चूक झाली की दुसऱ्यावर ढकलायची, हे बरं जमतं तुमच्या लोकांना.' कुणी त्यांना अडवलं नाही. सिस्टरचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी मान खाली घातली नाही. त्या माझ्याकडंच बघत राहिल्या. तेव्हा मोठे डॉक्टर उठले. म्हणाले, 'सिस्टर खोटं बोलणाऱ्या न्हाईत. त्यांना यात घेऊ नका. मुख्य सर्जन आम्ही होतो. जिम्मेदारी आमची.'

हे ऐकायलाच तर सगळे बसले होते. त्यांनी महिनाअखेर राजीनामा द्यावा असं ठरलं. त्यांनी तो तिथंच लिहून दिला.

मी त्यांच्या मागून दवाखान्यात आलो. ते आपली हत्यारं जुन्या रेशमी कापडात गुंडाळत होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, 'सात नंबरच्या खाटेवरच्या माणसाची नळी परवा काढ. उद्या नको, परवा.' एवढंच. मी 'हो' म्हणालो आणि त्यांच्या खोलीतून निघून आलो.

सिस्टरना चादरी-कपडे धुण्याच्या विभागात बसवलं. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. मी दवाखान्याचा मुख्य सर्जन झालो. तेव्हा मी तीस वर्षांचाही नव्हतो.

पुढची दहा-बारा वर्षं माझं नाव झालं. पाऊस परतला, ऊस आला, कारखाना चालू झाला, चारचाकी आली. मी भरपूर ऑपरेशनं केली आणि चांगली केली, असं म्हणायला हरकत नाही. पण दर ऑपरेशनला मी स्वतः मॉप मोजायचो, तीन-तीनदा. नव्या सिस्टर एकमेकींकडं बघून हसायच्या. लोक म्हणायचे, धाकटे डॉक्टर फार काळजीचे. आणि ती बाई दर हंगामाला यायची. कधी हरभऱ्याची पेंढी, कधी हुरडा, कधी शेंगा. व्हरांड्यात बसलेल्या पेशंटना सांगायची, 'त्या म्हाताऱ्यानं माझं वाटुळं केलं व्हतं. ह्यांच्यामुळं म्या वाचले.' दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मीही टेबलापाशी होतो, तेवढ्यावरून तिनं मलाच वाचवणारा ठरवलं होतं. मी हुरडा घ्यायचो. नको म्हणालो तर ती कारण विचारेल अशी भीती वाटायची.

मोठे डॉक्टर धाराशिवला भाड्याच्या घरात राहत होते. पुढच्या खोलीत बसून ताप-खोकल्याचे पेशंट बघायचे. त्यांनी पुन्हा सुरी हातात घेतली नाही. मी एकदा त्यांच्याकडं गेलो. घरून निघताना ठरवलं होतं की आज सांगायचं. पण जाताना मी एका पेशंटचा एक्स-रेही बरोबर घेतला, कारण त्याच्या यकृतातल्या गाठीचं काय करावं ते मला कळत नव्हतं. का घेतला? बहुतेक, काही बोलायला सुचलं नाही तर हातात काहीतरी असावं म्हणून. त्यांच्या बायकोनं चहा आणला. त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरून बघितला. मग कपाटातून खडू काढला, फरशीवर बसले, यकृत काढलं आणि गाठ फुटू न देता आतली पिशवी कशी बाहेर घ्यायची ते मला शिकवलं. तासभर शिकवलं. मधे एकदा म्हणाले, 'इथं घाई करू नको.' मी वर बघितलं. ते चित्राकडंच बघत होते, त्यात दुसरा काही अर्थ नव्हता.

तो पेशंट वाचला. मी त्यांच्याकडं कबुली द्यायला गेलो होतो आणि आणखी काहीतरी घेऊन आलो.

दोन-तीन वर्षांनी ते गेले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. चालताना शेजारचा एक डॉक्टर म्हणाला, 'माणूस सोन्यासारखा. शेवटी शेवटी हात चुकला बिचाऱ्याचा.' मी मान हलवली. ती मान मी का हलवली ते मला सांगता येत नाही. सवय झाली होती, एवढंच म्हणता येईल.

त्यानंतर मात्र मला नीट झोप येईनाशी झाली. सिस्टर कुठं आहेत याचा मी शोध घेतला. त्या सरकारी नोकरीत लागल्या होत्या आणि आता धाराशिवलाच होत्या, एका दवाखान्यात मोठ्या पदावर. मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. त्यांनी दार उघडलं, ओळखलं, आत बोलावलं. पाणी दिलं. मी म्हणालो, 'सिस्टर, त्या दिवशी तुम्ही खरं बोलला होता. मी खोटं बोललो.'

त्या म्हणाल्या, 'ते मला माहीतच आहे की. मी तिथंच होते.'

'माफी मागायला आलोय.'

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, 'माझे वडील त्या नोकरीचं गावभर सांगत फिरायचे. नोकरी सुटली तेव्हा त्यांना काय सांगायचं हे मला सुचलं नाही. मी म्हटलं, काम झेपलं नाही. ते तसंच समजून गेले.' मग उभं राहून म्हणाल्या, 'माझ्यापुढं कबूल करून तुम्हाला काय मिळणार, डॉक्टर? मला नवं काहीच कळलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. त्या बाईला सांगितलंय का?'

मी नाही म्हणालो. त्यांनी दार उघडून धरलं.

बाईचं गाव वाशीच्या पलीकडं. एसटीनं फाट्यावर उतरून चालत गेलो. गाडी मुद्दाम नेली नाही, गाडी बघून माणसं जमतात. ती अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. मला बघून गडबडली, घोंगडी आणली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. नवरा शेतावर गेला होता. मी घोंगडीवर बसलो आणि म्हणालो, 'बाई, मी जे सांगतोय ते पुरतं ऐका. तुमच्या पोटात कापड राहिलं ते मोठ्या डॉक्टरांमुळं नाही. त्यांनी तुमचा जीव वाचवला आणि त्यांना बरं वाटेना म्हणून ते बाजूला बसले. पोट मी शिवलं होतं. सिस्टरनी मला सांगितलं होतं, एक कपडा कमी आहे. मी ऐकलं नाही. मग मीटिंगमध्ये विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो.'

तिच्या हातातली काठी तशीच राहिली. पहिल्यांदा तिला कळलंच नाही, म्हणून मी परत सांगितलं. या वेळी हळू आणि सगळं.

तिनं काठी खाली ठेवली. मग म्हणाली, 'मला त्याच्यामागारी मूल न्हाय झालं. ठावं हाय न्हवं तुमाला?'

'हो,' मी म्हणालो. मला माहीत होतं. एवढी वर्षं ती हुरडा घेऊन यायची आणि मला ते माहीत होतं. घरात जी सून होती ती तिच्या दिराच्या मुलाची बायको.

'म्या एकदा धाराशिवच्या बाजारात त्या म्हाताऱ्याला गाठलं व्हतं,' ती म्हणाली. 'भाजी घेत हुबा व्हता. लोकांदेखत बोलले. लई बोलले. तुमच्या हाताला किडं पडतील म्हनलं म्या. त्यो हात जोडून हुबा राहिला. माझं सगळं ऐकून घेतलं अन् इचारलं, "बाई, पोट दुखतं का अजून?" म्या म्हनलं, दुखतं. तर म्हनला, "घराकडं येत जा, आम्ही बघू." म्या थुकले अन् आले.'

सून चहा घेऊन आली. बाईनं तिला हातानंच थांबवलं. 'न्हेऊन ठेव आत,' म्हणाली. मग माझ्याकडं वळली. 'त्यो हाय का अजून?'

'नाही. चार महिने झाले जाऊन.'

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मला वाटलं ती रडेल, मग वाटलं मला शिव्या देईल. दोन्हीसाठी मी तयार होऊन गेलो होतो. तिनं दोन्ही केलं नाही. म्हणाली, 'जिता व्हता तवा का आला न्हाई तुमी?'

मी शेंगांच्या ढिगाकडं बघत राहिलो.

'उठा,' ती म्हणाली. 'आमचे मालक यायच्या आत जावा. त्यास्नी म्या सांगन. पर तुमी पुन्हा हितं येऊ नगा. अन् म्याबी येनार न्हाय.'

मी उठलो. तिनं काठी उचलली आणि शेंगा झोडपायला लागली. फाट्यापर्यंत दीड कोस चालत आलो. कळंबची एसटी यायला वेळ होता. तिथल्या टपरीवर दोन माणसं बसली होती, त्यांतल्या एकानं मला ओळखलं, बाक पुसून दिला आणि म्हणाला, 'बसा डॉक्टरसाहेब. आमच्या आईचं पोट तुमीच नीट केलं व्हतं.' मी बसलो नाही. उभाच राहिलो, एसटी येईपर्यंत.